जान्हवीच्या दातातलं सिमेंट

—न्हाई, तोंड मिटू नका नचिकेतराव, दात कोरायचं चाक फिरून राहिलंय, जीभ कापंल. उघडंच ठेवा, बोलायचं काम माझं. तुमी मागं भरपूर बोलून गेलात — ह्याच खोलीत, दोन दोस्त घेऊन. दाराची काच फोडली, माझ्या हाताखालच्या धम्मदीपच्या डोक्यात स्टूल घातलं, टाके पडले त्याला, अन् मोबाईलसमोर उभं राहून सांगितलं, तांड्यावरच्या ह्या मिना डॉक्टरनं माझ्या बायकोच्या दातात जहर भरलं, तिचं तोंड सुजलं. आता दात ठणकला अन् शिरडमध्ये दुसरा दवाखाना न्हाई, म्हणून त्याच खुर्चीत येऊन पडलात. पडा.

हे पाहा, तेच जहर — बोटाच्या पेराएवढा सिमेंटचा लेप. अगदीच खोटं न्हाई तुमचं. कच्चा असताना हिरडीला लागला तर जळजळतं, खोल गेला तर आतली नस दुखावती. म्हणून पातळ थर द्यायचा, वरून निळा लाईट मारायचा, घट्ट झाला की दुसरा थर. नीट घट्ट झाला की मग त्यातलं फारसं काही सुटत न्हाई. तरी एखाद्याला सोसत न्हाई, तोंड सुजतं — म्हणून तुमी ओरडलात तवा मीच घाबरले. आपला लाईट कमी पडला का? तपासून घेतला, बराबर निघाला. अन् मग तुमच्या जान्हवीला नीट उजेडात पाहिलं. सिमेंट सोसलं न्हाई तर गालावर चार बोटं उमटतात काहून? पहिला दात मोरीत घसरून तुटला म्हणाली होती, मी मानलं होतं. अन् तुमचा? मोटारसायकलवरून पडलात म्हणे — तळहाताला साधं खरचटलेलं न्हाई. तांब्या लागलाय तुमाला. मारायला हात उचलला, अन् ह्यावेळी तिनं तांब्या घातला. आज सकाळी चहा पिता पिता तीच सांगत होती, की—

मनगट सोडा.

सोडा म्हणते. व्हय, माझ्याकडं हाय ती. निघून गेलं माझ्या तोंडातून — पण कुठं ठेवलीय ते न्हाई निघणार. ट्रे लाथाडून काय मिळालं? धम्मदीप, आत ये, खांदे धर ह्यांचे. खांदेच. डोक्याला हात लावायचा न्हाई, तुझं डोकं ह्यांनी फोडलेलं असू दे. नचिकेतराव, दातात लेप कच्चा हाय, असंच उठलात तर तो पोटात जाईल, अन् उद्या परत मोबाईलसमोर उभं राहाल. ते मी होऊ देणार न्हाई. डोळे मिटा.

झालं. घट्ट बसलंय, टोचून पाहिलं मी. चूळ भरा. ते रक्त तुमचं न्हाई, माझ्या मनगटाचं हाय, नखं लागली तुमची.

जान्हवीनं सकाळीच ठाण्यात जबाब दिलाय. धम्मदीप, बाहेर बाकावर जमादार बसलेत, त्यांना म्हणावं, पेशंट मोकळा झाला. उठा आता.