पूर्वजांची दाढ

—नाही, बोलू नका, आ तसाच ठेवा. एरवी तुम्ही बोलता आणि जग ऐकतं, आज जरा डॉक्टरीणबाईंचं ऐका. इंजेक्शन भिनायला वेळ लागेल अजून. पूर्वजांना चालायचं का हो हे इंजेक्शन? नाही ना? मग तुमच्या त्या शिबिरातच दगडानं पाडून घ्यायची होती दाढ! तिथे तर सांगता — चूल पेटली आणि माणूस बिघडला, कच्चं मांस खा, कच्ची मुळं खा, हाडं फोडा. घ्या, फोडलंत हाड आणि दाढच उभी चिरली! अहो, ज्यांच्या नावानं पंथ काढलाय त्यांचे जबडे पाहिलेत कधी? मी शिकताना साचे हाताळलेत — काहींची एकेक दाढ तुमच्या दाढेच्या दुप्पट, चावायचे स्नायू थेट कवटीच्या माथ्यापर्यंत चढलेले, पोटाचा नगारा. दिवसभर चघळत बसायचे बिचारे, गवत नि मुळं. पुढचे कुटायला शिकले, भाजायला शिकले, तसे दात लहान झाले, जबडा आखडला — तुमच्या अक्कलदाढेला जागाच राहिली नाही, दिसतंच आहे म्हणा.

हलू नका. दात पाडून हातात देईन म्हणतात ना लोक रागानं — माझा तर धंदाच तो. राग कसला? डोळ्यांनी विचारताय ना? तुमच्याकडे एक उंच मास्तर आहे, गणिताचा, वर डावीकडे दोन खोटे दात — ते मी बसवलेत. माझा नवरा आहे तो. आता डोळे मिटू नका! माझ्या स्वयंपाकाला विष म्हणाला आणि निघाला अनवाणी. जाऊ दे, नवरे जातात. पण आईला टाकून गेला, स्वतःच्या आईला. तिच्या तोंडात एक दात नाही. मी घास कुस्करते, चमच्यानं भरवते, आणि ती विचारते मलाच — 'तो जेवला का गं?'

तुमच्या त्या पूर्वजांतल्याच एका म्हाताऱ्याची कवटी सापडलीय, लाखो वर्षांपूर्वीची. तोंडाचं पार बोळकं. दातांच्या खाचा हाडानं भरून आलेल्या — म्हणजे दात पडल्यावरही जगला तो, बरीच वर्षं. कसा जगला? कुणीतरी मऊ करून दिलं असणार ना? त्यांच्यातही होतं कुणीतरी! हे नाही सांगत तुम्ही भाषणात.

आणि परवापासून म्हातारी घास गिळत नाहीये. तुमच्याकडे फोन चालत नाहीत, म्हणून माणूस धाडला मी, फाटकावर निरोप ठेवून आला. तुम्ही दाबलात तो निरोप. नाहीतर आला असता — मी ओळखते त्याला, धावत आला असता. — काय? मान का हलवताय? दाबला नाही? मग... त्याला सांगितला? तुम्ही स्वतः? जा म्हणालात? — आणि तरी तो...

बरं.

मोठा आ करा.

निघाली. हा बोळा दाबून धरा, तासभर बोलायचं नाही. आज मऊ खा, शिजवलेलं. — नाही, त्याच्याबद्दल काही लिहूनही दाखवू नका मला. उठा. बाहेर बाई बसल्यात, त्यांना आत पाठवा.