नळी ठेवली, पंप फेकला

आमच्या सुलतानपूरच्या मामाचा सरकारवर भरोसा नाही, फुकटावर तर नाहीच. दम्याची सरकारी मोहीम आली तव्हा सिस्टरनं त्याले एक मोठी नळी आन् एक लहान पंप देल्ला. महिन्यानं ते सिस्टर वावरातच आली, मीबी मामासंग तेथीच होतो.

"मामा, दम कमी झाला का?"

"रोज नळी ओढतो, बाई. नुसती हवा येते. मले पह्यलेच शक होता."

"आणि पंप?"

"वावराच्या धुऱ्यावर फेकला. कपाशीच्या बीटी बियाण्याच्या थैलीतबी एक लहान पुडी येते, अळी आटोक्यात राहाले कडेनं पेरा म्हणतात, तेबी आम्ही सारे फेकतो. लहान चीज फसवाफसवीची असते."

"मामा, औषध पंपातच होतं."

 मामा अळीनं खाल्लेल्या कपाशीच्या पराटीकडे पाहून मले हळूच म्हणे, "काय बे, त्या पुडीत काय असते?"