खंडोबाचं वय

परतूरला वकिलाच्या दारात नंबर लावून बसलो होतो. आत आबाराव आणि त्यांची बायको गोपिकाबाई.

“वकीलसाहेब, खंडोबाच्या नावावरचं रान निम्म्या वाट्यानं, बटईनं घ्यायलो. मंग करारावर पुजाऱ्याची सही कशाला?”

“आबाराव, कायदा देवाला माणूसच धरतो, पण कायमचं लहान लेकरू. त्याच्या वतीनं पालक सही करतो.”

“पर मी कौल लावल्ता. उजवं फूल पडलं. खंडोबा राजी हाय.”

“लहान लेकराचा होकार करारात चालत नाही.”

“दोन बायका केल्या त्यानं. लहान कसा?”

“बायका केल्यानं शहाणपण येतं व्हय?” गोपिकाबाई म्हणाल्या. “साहेब, ह्यांची पालक मी हाय. कागद आधी मला वाचून दाखवा.”