बुधवारची फाइल

हॅलो?… हो, बोल गं चिमणे. छे, झोपले कुठली! रिटायर होऊन पाच दिवस झाले नाहीत तर यांनी पुढ्यात मटार आणून ठेवलेत… सोलतेय. बोल.

हं… हं… आज तुझा पहिला बुधवार, नाही का! बॅकअपमधली कुठलीही एक फाइल काढायची, उघडायची, डोळ्यांनी बघायची, मगच रजिस्टरवर सही… हो, आणि मग?

उघडत नाही?

घाई नको. दुसरी काढ… तीही नाही? अगं, रडतेस कशाला? तू काही मोडलेलं नाहीस. आकार वाच मला… शून्य. म्हणजे नाव आहे, तारीख आहे, आत काही नाही…

हो, स्क्रीनवर हिरवंच असणार. हिरवं म्हणजे बॅकअप चालला, एवढंच. काय उचललं ते त्याला काय कळतंय?

अहो, तो गॅस बंद करा जरा!… तुला नाही गं, यांना.

आता ऐक. चार वाजता जुन्या डिस्क पुसायला माणसं येणार ना?… आलीसुद्धा? मग आधी त्यांना थांबव. डिस्क पुसायच्या, नव्या बसवायच्या आणि बॅकअपमधून भरायच्या, असं ठरलंय. भरणार काय, कप्पाळ? सगळ्या हॉस्पिटलचे एक्स-रे आहेत त्यात… साहेब ओरडतील तर ओरडू देत. चहा पाज त्या माणसांना, पण रॅकला हात लावू देऊ नकोस… जा, मी धरते फोन.

थांबले? छान. आता जुन्या डिस्कवरची मूळ फाइल उघडून बघ… उघडली? हुश्श! म्हणजे अजून काही गेलेलं नाही.

आता बॅकअपमध्ये मागे मागे जा. कधीपासूनची रिकामी आहे?… सावकाश. आहे मी लाइनवर… सोळा मार्चची उघडते, तेवीसची नाही? आलं लक्षात. त्याच आठवड्यात फाइल त्याच डिस्कवर नव्या जागी हलवल्या, जुन्या जागी नुसती नावं राहिली. बॅकअप बिचारा इमानदारीत नावंच उचलत बसला.

आता ते निळं रजिस्टर काढ. तेवीस मार्च. काय लिहिलंय?… ‘फाइल उघडून पाहिली, ठीक.’ खाली सही कुणाची?

बोल ना. वाच नाव.

हं… माझीच.

नाही गं, पान बिन फाडायचं नाही! वेडी आहेस का?… आणि सिस्टिमचा दोष म्हणून सांगायचंही नाही. ऐक. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. दर बुधवारी चारला तिला व्यायामाला न्यायचं असायचं. त्या दिवशी उशीर होत होता. हिरवं दिसलं, सही ठोकली. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. एकोणीस वर्षं फाइल उघडत आले आणि शेवटचे वीस बुधवार नुसत्या सह्या… आईचेही एक्स-रे त्यातच आहेत, बघ. लाज वाटतेय मला. खूप वाटतेय.

कोण आलं? साहेब?… तुलाच बोलतायत? दे फोन त्यांना. दे म्हणते ना.

नमस्कार साहेब… हो, मीच. नाही, तिने काही बिघडवलेलं नाही. तिने उघडून बघितलं, म्हणून कळलं. मी बघत नव्हते… वीस सह्या खोट्या आहेत, साहेब. माझ्या… हो, लेखी देते. उद्या सकाळी येते… आणि शुक्रवारी निरोपाच्या वेळी माझ्या रजिस्टरचं कौतुक केलंत ना, मी हसून ऐकून घेतलं… ते कौतुक तिला द्या… बरं. द्या तिला फोन.

हं, चिमणे. काय म्हणाले?… आज पुसणार नाहीत. झालं तर मग! आता नव्या जागेवरून बॅकअप लाव. आधी एकच छोटं फोल्डर घे… नाही, ठेवत नाही फोन. मटार आहेत अजून.

झालं? हिरवं आलं?… आलं ना, मग? सही करायला निघालीस? उघड आधी!

काय दिसतंय?… गुडघा? कुणाचा का असेना, पूर्ण दिसतोय?… खालपर्यंत?

मग कर सही. ठेवते.