कॉम्प्युटरला घातलेला हार

तुम्ही हसाल, पण मी एकदा कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता. आमच्या न्हावरे गावात दसऱ्याला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. माझ्या थोरल्या पोरानं, महेशनं, गेम खेळायला एकेक भाग आणून तो कॉम्प्युटर स्वतः जोडलेला. मग त्यालाच कसं वगळायचं?

संध्याकाळी महेश गेम खेळायला बसला आणि पडदा निळा होऊन सगळं बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. त्याच्या कारखान्यातला दोस्त इरफान सोनं द्यायला शिक्रापूरहून आला होता. हार बघून तो हसायलाच लागला.

"आबा, लग्न लावलं व्हय कॉम्प्युटरचं? पंखा कोंडला की त्याचा!"

पोराची एवढी हौस, ती माझ्या हातानं मोडली. मी गपचूप हार काढून घेतला. तरी थोड्या वेळानं पडदा परत निळा.

"गरम असंल अजून," इरफान म्हणाला.

महेश माझ्याकडं बघत होता. "हाराचं न्हाई रं ते. गेम जोरात पळावा म्हणून मीच मेमरीचा स्पीड वाढवलाय. कालपासनंच बंद पडतोय."

"येडा हायेस. आबांवर ढकलून मोकळा झाला असतास की!"

महेशनं स्पीड पहिल्यासारखा केला. मग जेवणाची हाक येईपर्यंत गेम अडला नाही.

त्याला गप्प बसता आलं असतं. पुढच्या दसऱ्याला मी भीतीनं कॉम्प्युटर सोडून बाकीची पूजा केली. तर तोच पंख्याकडची बाजू पुसत म्हणाला, "आबा, ह्याचा हार कुठाय?"