खैरीटोल्याचा थांबा

जबाब
दिनांक ९/५/२००८

नाव श्रीहरी डोमाजी उंदीरवाडे, वय ४३ वर्षे, धर्म बौद्ध, धंदा ट्रक ड्रायव्हर, रा. आरमोरी, जि. गडचिरोली.

आज रोजी पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून मी समक्ष हजर आहे. मला जे विचारण्यात आले त्याचे उत्तर कोणाच्या दडपणाशिवाय देतो ते येणेप्रमाणे की,

मी वरील पत्त्यावर राहणारा असून त्या घरी माझा मोठा भाऊ कुटुंबासह राहतो. मी दिवाळीला आणि चौदा एप्रिलला घरी जातो, बाकी गाडीवरच असतो. बल्लारपूरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी बऱ्याच वर्षांपासून नोकरीस आहे. जाताना सिमेंट घेऊन सिरोंचाला जाणे आणि येताना तिकडची मिरची भरून आणणे, असे माझे काम आहे. माझे लग्न झालेले नाही. मुलगी बघायला जायचे दोनदा ठरले होते. एकदा गाडीच्या स्प्रिंगचा, म्हणजे कमानीचा, पाटा तुटून मी आलापल्लीच्या पुढे जंगलात अडकलो आणि एकदा कंपनीने ऐन वेळी दुसरा माल भरायला लावला. त्यानंतर कोणी विषय काढला नाही.

मागील वर्षी दिवाळीनंतर आमच्या सर्व गाड्यांना कंपनीने एक यंत्र बसवले. ड्रायव्हर लोक त्याला डब्बा म्हणतात. गाडी किती वेळ चालली, कुठे थांबली, किती वेळ थांबली, हे त्यात आपोआप नोंदले जाते आणि बल्लारपूरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर दिसते. सलग चार तास गाडी चालवली की डब्ब्यावरचा लाल दिवा लागतो आणि तो ओरडतो. मग एक तास गाडी उभी करावी लागते. तसा कंपनीचा नियम आहे.

डब्ब्याबद्दल ड्रायव्हर लोकांचे मत काय होते, असे फौजदार साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, मत एक नव्हते. माझ्यासोबतचा ड्रायव्हर पत्रू म्हणाला, "मालक म्हणते धाव, डब्बा म्हणते थांब. मधात आपण. आन रेंज नसली तं हा गप बसते, रेंज आली का सगळी चुगली करते." त्याने डब्ब्यावर ओला दुपट्टा गुंडाळून पाहिला. आवाज कमी झाला, नोंद मात्र होतच राहिली. आमच्यात वयाने मोठे असलेले मन्सूर भाई काही बोलत नव्हते. सगळे आपले बोलून झाल्यावर ते म्हणाले, "माहा भाऊ याच रोडवर झोपेत झाडाले धडकला. त्याच्या गाडीत असा वरडनारा कोनी नोता." त्यानंतर त्या दिवशी कोणी डब्ब्याला शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवशी परत दिल्या. मी स्वतः डब्ब्याच्या विरोधात होतो. मला थांबायची सवय नव्हती. थांबून काय करावे हे मला माहीत नव्हते.

सिमेंट फॅक्टरीच्या गेटवर माल भरायच्या रांगेत गाडी पुढे पुढे घेत राहावी लागते, तो वेळही डब्बा धरतो. त्यामुळे माझे चार तास आष्टीच्या पुढे मौजा खैरीटोला येथे भरत. पहिल्या वेळी डब्बा ओरडला तेव्हा मी रागात होतो. समोर एक खानावळ दिसली, तिथे चिंचेखाली गाडी लावली. सदर खानावळ नूतनबाई बांबोळे चालवतात. त्यांचे पती जंगल खात्यात मजुरीला होते, ते सहा वर्षांपूर्वी मेंदूच्या मलेरियाने वारले. घरात त्या आणि त्यांच्या सासू गिरजाबाई अशा दोघीच आहेत. मी भात, लाखोळीचे वरण आणि वांगे-झिंग्याची भाजी खाल्ली. मी लवकर जेवतो. जेवण झाल्यावरही थांबायचा वेळ बराच उरला होता. मी बाजेवर बसून डब्ब्याला नावे ठेवत होतो. तेव्हा गिरजाबाई म्हणाल्या, "बसलाच आहेस तं खेळतं का?" आणि त्यांनी जमिनीवर खडूने चंगाअष्ट्याचा पट काढला.

मी हरलो. पुढच्या खेपेस परत हरलो. गिरजाबाईंना नीट दिसत नाही म्हणून कवड्यांचे दान मीच मोजून सांगतो. ते मी खरे सांगतो, तरी त्याच जिंकतात. नूतनबाई चुलीजवळून ऐकतात आणि मी वाईट चाल केली की हसतात. त्यांचे हसणे मोठ्याने नसते, पण ऐकू येते.

माझी गाडी तिथे एका तासापेक्षा जास्त का थांबते, असे विचारल्यावरून सांगतो की, डाव अर्धा टाकून उठलेले गिरजाबाईंना चालत नाही.

चार तास पूर्ण व्हायच्या आधीच गाडी तिथे का थांबते, असेही विचारण्यात आले. त्यावर सांगतो की, जानेवारीनंतर डब्बा ओरडायची मी वाट पाहिली नाही. गेटवर रांग छोटी असली की चार तास खैरीटोल्यात भरत नाहीत, पार आलापल्लीला भरतात. तिथे थांबून मला काही काम नाही.

नूतनबाई जेवायला येणाऱ्या सर्व ड्रायव्हर लोकांना भाऊ म्हणतात. मलाही ड्रायव्हर भाऊ म्हणत. होळीच्या सुमारास त्यांनी मला भाऊ म्हणणे बंद केले. तेव्हापासून त्या फक्त "आलात का" असे विचारतात. बाकीच्यांना अजूनही भाऊच म्हणतात. हे माझ्या लक्षात आले होते. मी त्यावर काही बोललो नाही. ती खेप मी सिरोंचापर्यंत कशी नेली ते मला आठवत नाही, पण माल बरोबर पोचला.

आज सकाळी कंपनीचे सुपरवायझर साहेब कॉम्प्युटरचा कागद घेऊन या ठाण्यात आले व त्यांनी अर्ज दिला. त्यावरून मला खैरीटोल्यातून अर्धा डाव टाकून इथे यावे लागले. माझी गाडी जाता-येता एकाच घरासमोर उभी राहते, सबब मी तिथे सिमेंट किंवा डिझेल विकतो, असा त्यांचा संशय आहे. मी तसे काही केलेले नाही. सिरोंचाच्या गोदामात माझा माल कधी कमी भरला नाही आणि डिझेलचा हिशोबही जुळतो. हे सुपरवायझर साहेबांनी फौजदार साहेबांसमोर कबूल केले. मग ते म्हणाले, "माल बरोबर, डिझेल बरोबर. मग हा थांबतो कशासाठी, तेवढं सांगू द्या."

फौजदार साहेबांनी मला तेच विचारले. मी जेवायला थांबतो असे सांगितले. साहेब म्हणाले, जेवायला इतका वेळ लागत नाही. मी चंगाअष्टे खेळतो असे सांगितले. साहेबांनी लिहिणाऱ्या हवालदारांकडे पाहिले. मग साहेब मला म्हणाले, "श्रीहरी, खरं कारण सांग. नाही तर अर्जाची चौकशी चालू राहील, आणि तोपर्यंत कंपनी तुला गाडी देणार नाही."

मी उत्तर दिले नाही. खरे कारण काय ते मला माहीत होते. परंतु जी गोष्ट मी त्या बाईंनाच सांगितली नव्हती, ती पोलीस ठाण्याच्या कागदावर आधी लिहून देणे मला बरोबर वाटले नाही. घरात दोघी बायाच राहतात. गावात लोक काय म्हणतील ते त्यांना सोसावे लागले असते, मला नाही. गाडी गेली तर जाईल असे मनात धरले.

त्या वेळी ठाण्याच्या बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. मन्सूर भाई खाली मान घालून आत आले. त्यांच्यामागे नूतनबाई गिरजाबाईंचा हात धरून आल्या. मन्सूर भाई स्वतः जीप करून खैरीटोल्याला गेले होते, हे मला तेव्हाच कळले. गिरजाबाई बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, ह्या पोराले काऊन धरून ठेवलं? अर्धा डाव तसाच पडला आहे."

फौजदार साहेबांनी त्यांना पाणी देण्यास सांगितले व अर्जाची हकीकत वाचून दाखवली. सुपरवायझर साहेब म्हणाले, "आजी, आम्हाला एवढंच पाहिजे की गाडी तिथं काऊन थांबते."

नूतनबाई उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "मी सांगतो. आधी हे डब्ब्यासाठी थांबत होते. आता माह्यासाठी थांबते. त्यांनी मले तसं सांगतलं नाई. पन मले समजते."

फौजदार साहेबांनी मला विचारले, हे खरे आहे काय. मी हो म्हटले.

नूतनबाईंनी माझ्याकडे वळून विचारले, "मंग मले काऊन नाई बोलले इतके दिवस?"

मी म्हणालो, "तासाभरात जमलं नाई."

त्यावर हवालदार हसले. त्यांनी लिहिणे थांबवले व हे जबाबात घ्यायचे काय असे साहेबांना विचारले. साहेब म्हणाले, ज्याचा जबाब आहे त्याला विचारा. मी नूतनबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "लिव्हा ना. माहं नावपन पूर्ण लिव्हा." म्हणून त्यांचे नाव नूतन रघुनाथ बांबोळे, वय ३९, असे पूर्ण लिहिले आहे.

गिरजाबाई रडत होत्या. त्यांना त्रास होतो काय, असे साहेबांनी विचारले. त्या म्हणाल्या, "त्रास कायचा? माहा पोरगा गेला तेव्हापासून मी हिले म्हनून राह्यली, बाई, कोनी पाहून घे स्वतःसाठी. हे ऐकत नोती. मीच पट काढला साहेब, दुसरं कोन काढनार होतं?" त्यांनी मला जवळ बोलावले व माझ्या तोंडावरून हात फिरवला. यापेक्षा जास्त त्या वेळचे मला काही सांगता येत नाही.

सुपरवायझर साहेबांनी आपला अर्ज परत घेतला. ते म्हणाले, ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये थांबण्याचे कारण भरावे लागते आणि त्यात जेवण, पंक्चर, गाडी खराब, रस्ता बंद एवढीच कारणे आहेत. काय भरू, असे त्यांनी मलाच विचारले. मी म्हणालो, जेवण भरा, ते खोटे नाही. त्यांनी नूतनबाईंची माफी मागितली. नूतनबाई म्हणाल्या, "मंग तुमीपन जेवाले या, भाऊ."

लग्न येत्या बुद्धपौर्णिमेला खैरीटोल्याच्या विहारात करायचे असे गिरजाबाईंनी ठाण्यातच ठरवले. गिरजाबाई आमच्याजवळच राहतील. ही अट नूतनबाईंनी घातली, पण मी ती आधीच धरून चाललो होतो. मी आरमोरीला भावाला फोन करायची परवानगी मागितली व ती मिळाली. फोन वहिनीने घेतला. तिने दोनदा विचारले की मी कोणाच्या लग्नाबद्दल बोलतो आहे.

पत्रू बाहेर गाडीजवळ उभा होता, तो खिडकीशी आला. सगळ्या ड्रायव्हर लोकांना लग्नाला सुट्टी पाहिजे असे त्याने सुपरवायझर साहेबांना सांगितले. साहेब म्हणाले, सगळ्या गाड्या एका दिवशी बंद ठेवता येणार नाहीत. पत्रू म्हणाला, "बंद कोन ठेवते? आमी गाड्या घेऊनच येऊ. चार चार तास चालवून सगळे खैरीटोल्यात थांबू. आपल्या लग्नाले तासाच्या वर लागते कुठी? त्रिशरण, पंचशील, हार, जेवन, झालं. डब्ब्याचीपन तक्रार नाई राहनार." सुपरवायझर साहेबांनी थोडा विचार केला आणि नियमात बसते असे सांगितले. मन्सूर भाई म्हणाले, सिमेंट भरून आलेल्या गाड्या रोडच्या एका बाजूने लावा, बसला जागा ठेवा. त्याबाबत फौजदार साहेबांनी एक हवालदार पाठवण्याचे मान्य केले आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. डब्ब्याविरुद्धही नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला सर्वांसमोर मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे म्हणून खाली सही करतो. नूतनबाईंनी शेवटचा भाग परत वाचायला लावला. तो परत वाचला, तेव्हाही बरोबर होता.

समक्ष                    सही
                         श्रीहरी डोमाजी उंदीरवाडे