अडकणारी रेकॉर्ड

भिया, आमच्या अन्नपूर्णा भागातल्या म्युझिक क्लबात कायदा एकच: गाणं संपलं की प्रत्येकानं मत द्यायचंच. कुळकर्णीकाकांनी क्लबाला दिलेली लाडकी रेकॉर्ड एका अंतऱ्यावर हमखास अडकायची. मग काकाच उठून सुई पुढे सरकवायचे.

काका गेल्यावर काकू पहिल्यांदाच आल्या, म्हणून क्लबात गाणी लावणाऱ्या नितीननं तेच गाणं मुद्दाम मोबाइलवरून लावलं. कुठेच अडकलं नाही. सगळे म्हणाले, "क्या बात है, एकदम साफ!"

मग काकूंची पाळी आली. त्या म्हणाल्या, "छानच आहे रे. पण त्या अंतऱ्याला हे उठायचे."

नितीननं गुपचूप जुनी रेकॉर्ड लावली. ती तिथेच अडकली. तीच ओळ फिरत राहिली, आणि सुई सरकवायला आमच्यातलं कोणीच उठलं नाही.